ही सनद कोणी दिली?

घरी बसून किंवा नोकरी सांभाळून शिकण्याच्या सोयी आज पुष्कळ झाल्या आहेत. त्यांच्याबरोबरच खोटी प्रमाणपत्रे आणि खोट्या पदव्या विकणाऱ्यांचा धंदाही वाढला आहे. खरी पदवी कोणती आणि खोटी कोणती, हे कसे ओळखावे, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ‘सनद’ हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. परीक्षा पास झाल्यावर जे पत्र मिळते, त्याला उर्दूत सनद म्हणतात. मराठीतही हा शब्द फार जुना आहे. पूर्वी सरकारने एखाद्याला जमीन किंवा हक्क दिला, की त्याचे लेखी पत्र म्हणजे सनद. आजही चार्टर्ड अकाउंटंटला आपण सनदी लेखापाल म्हणतो, वकिलाला वकिलीची सनद मिळते आणि कायद्याला धरून असलेल्या मार्गाला ‘सनदशीर मार्ग’ असे म्हणतात.

मूळ अरबीत सनद म्हणजे आधार. हदीसच्या अभ्यासात तर सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. ही गोष्ट कोणी सांगितली? त्याने कोणाकडून ऐकली? आणि त्याने कोणाकडून? साखळीतली एक कडी जरी कच्ची निघाली, तरी जाणकार ती रिवायत कमजोर मानतात. कागद किती सुंदर आहे, अक्षर किती वळणदार आहे, हे ते पाहत नाहीत. हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला शाळेच्या आणि कॉलेजच्या कागदांनाही लावायची आहे.

विश्रांतवाडीचा चौक पुण्यातल्या गजबजलेल्या चौकांपैकी एक आहे. आळंदी रोडवरची वाहने, टिंगरेनगर आणि धानोरीकडे जाणारी माणसे, बसची वाट पाहणारे विद्यार्थी, कामावरून परतणारे मजूर, अशी तिथे दिवसभर वर्दळ असते. अशा गर्दीच्या ठिकाणी विजेच्या खांबावर किंवा बसथांब्याच्या मागे चिकटवलेला एखादा कागद तुम्ही वाचला असेल. ‘दहावी, बारावी नापास? काळजी नको! एका महिन्यात पास. पदवी एका वर्षात. घरबसल्या.’ खाली फक्त एक मोबाइल नंबर. पत्ता नाही, संस्थेचे नाव नाही. आता तर खांबापर्यंत जावेही लागत नाही. हीच जाहिरात मोबाइलवर आपल्याकडे चालत येते.

समजा, याच भागात राहणारा एक मुलगा दहावीला तीन विषयांत नापास झाला. अब्बा रिक्षा चालवतात. अम्मी घरी शिवणकाम करते. मुलाला वाटते, आता सगळे संपले. एक ओळखीचा माणूस घरी येतो आणि म्हणतो, “परीक्षेला बसायची गरज नाही. आधार कार्ड, दोन फोटो आणि पैसे द्या. मार्कशीट घरी येईल.” अब्बांना शंका येते. तेव्हा तो माणूस मोबाइलवर एक वेबसाइट उघडून दाखवतो. नंबर टाकला, की विद्यार्थ्याचे नाव, गुण आणि ‘उत्तीर्ण’ असा शेरा दिसतो. अब्बांची शंका जाते. ऑनलाइन दिसते म्हणजे खरेच असणार!

इथेच फसगत होते. वेबसाइट कोणालाही तयार करता येते. ज्याने खोटे प्रमाणपत्र छापले, त्यानेच ती वेबसाइट तयार केली असेल, तर तिथे नाव दिसणारच. चोरालाच साक्षीदार करण्यासारखे हे झाले. पुण्यात असे प्रत्यक्ष घडलेही आहे. ‘महाराष्ट्र स्टेट ओपन स्कूल’ अशा नावाची वेबसाइट तयार करून दहावी पास झाल्याची बनावट प्रमाणपत्रे विकणारी एक टोळी पुणे पोलिसांनी २०२३ साली पकडली. विकत घेणारे बहुतेक लोक दहावीला अडलेले, म्हणजे आपल्या समजुतीतल्या त्या मुलासारखेच होते.

त्या टोळीने निवडलेले नाव नीट पाहा. आपल्या राज्यात ‘महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ’ नावाची खरी सरकारी संस्था आहे. राज्य शासनाने ती २०१७ साली स्थापन केली आणि तिचे काम पुण्यातूनच चालते. इंग्रजीत तिचे नाव ‘महाराष्ट्र स्टेट बोर्ड ऑफ ओपन स्कूलिंग’ असे आहे. खोट्या नावात ‘बोर्ड’ हा शब्द नाही, बाकी सगळे जवळजवळ तेच! घाईत वाचणाऱ्याला फरक कळत नाही. नकली वस्तू विकणारा नेहमी असेच करतो. तो अगदी नवे नाव घेत नाही. ओळखीच्या नावाला थोडासा धक्का देतो.

मग नापास झालेल्या मुलाने काय करावे? त्याच्यासाठी खरे मार्ग आहेत, आणि ते या खोट्या मार्गापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. राज्य मंडळ त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेते. एक किंवा दोन विषय राहिले असतील, तर एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत प्रवेश मिळतो. ज्याची शाळा सुटली आहे, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येते. मुक्त विद्यालय मंडळाचा मार्ग वर सांगितलाच. याशिवाय केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ सालापासून काम करते. तिची दहावीची परीक्षा उर्दू माध्यमातूनही देता येते. या प्रत्येक मार्गात एक गोष्ट मात्र सारखी आहे: पेपर लिहावा लागतो.

आता दहावी-बारावीच्या पुढे जाऊ. काही वर्षांनी तुम्ही बी.ए., बी.कॉम. किंवा दुसरी एखादी पदवी घेण्याचा विचार कराल. तुमच्या घरातले भाईजान किंवा बाजी कदाचित आजच तो विचार करत असतील. पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे?

याचे उत्तर आपल्या देशात कायद्याने दिलेले आहे. १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, कायदा झाला. त्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी फक्त काही ठरावीक संस्थाच देऊ शकतात: संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, केंद्र सरकारने विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था, किंवा संसदेने पदवी देण्याचा खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणीही पदवी देऊ शकत नाही. कलम २३ तर सांगते, की अशा मान्यतेशिवाय कोणत्याही संस्थेने आपल्या नावात ‘विद्यापीठ’ हा शब्दच वापरू नये. म्हणजे साखळी सरळ आहे. विद्यार्थ्याला पदवी विद्यापीठाने दिली, आणि विद्यापीठाला तो अधिकार कायद्याने दिला.

हा कायदा मोडला तर शिक्षा काय? कलम २४ प्रमाणे जास्तीत जास्त एक हजार रुपये दंड! १९५६ साली ही रक्कम मोठी असेल. आज एक खोटी पदवी त्याच्या कित्येक पटींनी विकली जाते. दंड इतका कमी असल्यावर कोण घाबरणार? म्हणूनच डोळे उघडे ठेवण्याचे काम विद्यार्थ्यांवर आणि पालकांवर येऊन पडते.

यूजीसी वेळोवेळी खोट्या विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते. ती यादी तिच्या वेबसाइटवर कोणालाही पाहता येते. यादीत वर्षानुवर्षे आलेली काही नावे वाचण्यासारखी आहेत. आपल्या राज्यातले ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी, नागपूर’ हे नाव त्यात आहे. सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यातील गोकाक येथील ‘बडगणवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी एज्युकेशन सोसायटी’ आहे. अलीगढमधील एका खोट्या विद्यापीठाने नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव घेतले आहे. दिल्लीच्या दर्यागंजमधील एका संस्थेचे नाव आहे ‘कमर्शिअल युनिव्हर्सिटी लिमिटेड’. विद्यापीठाच्या नावापुढे ‘लिमिटेड’! दुकानाची पाटी आणि विद्यापीठाची पाटी यांत काही फरक असतो, हेसुद्धा त्यांच्या लक्षात आले नाही.

नावे पाहिलीत? कुठे अरबी भाषेचे नाव, कुठे थोर नेत्याचे, कुठे ‘सरकार’ हा शब्द, तर कुठे ‘वर्ल्ड’. ज्या शब्दांविषयी आपल्या मनात आदर असतो, तेच शब्द पुढे केले जातात. उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलाला अरबी नाव आपले वाटते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. एखादे नाव या यादीत आहे, याचा अर्थ तिथे काहीच शिकवत नाहीत, असा होत नाही. एखादा विद्वान माणूस आपल्या घरी उत्तम अरबी शिकवू शकतो. एखाद्या मदरशाची सनद धार्मिक ज्ञानासाठी मोलाची असू शकते. त्यात गैर काही नाही. पण ‘बी.ए.’, ‘एम.ए.’ ही कायद्यात बसवलेली नावे आहेत. ती देण्याचा अधिकार नसताना ती दिली, तर शिकवणे कितीही चांगले असो, ती पदवी नोकरीत किंवा पुढच्या प्रवेशात चालत नाही.

असे प्रश्न विचारले, की काही संस्था एक फाईल पुढे ठेवतात. तिच्यात सोसायटी नोंदणीचे पत्र असते, ट्रस्टची नोंदणी असते, लघुउद्योगाची नोंदणी असते, आयएसओचे प्रमाणपत्र असते. शिक्के भरपूर, सही मोठी. पालक दबून जातात. पण ही सगळी नोंदणी आहे, मान्यता नव्हे. विश्रांतवाडीच्या बाजारात दुकान काढणाऱ्याला शॉप ॲक्टचे लायसन्स लागते. ते लायसन्स खरे असते, सरकारनेच दिलेले असते. पण त्या लायसन्सवर त्याला दुकान चालवता येते. नोटा छापता येत नाहीत. सोसायटीची नोंदणी झाली म्हणजे संस्था म्हणून काम करता येते. पदवी देता येत नाही. म्हणून फाईल कितीही जाड असली, तरी त्यात आपल्याला हवा असलेला एकच कागद शोधावा: विद्यापीठ कोणत्या कायद्याने स्थापन झाले?

कधी कधी साखळीची अगदी वरची कडीही तुटते. छत्तीसगड राज्याने २००२ साली खाजगी विद्यापीठांसाठी एक कायदा केला. थोड्याच काळात तिथे ११२ विद्यापीठे निघाली. त्यांतील कितीतरी विद्यापीठांना इमारत नव्हती. एका खोलीत त्यांचा कारभार चालला होता. फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमे रद्द केली आणि ती विद्यापीठे एका निकालाने संपली. तेव्हा फक्त ‘कायदा आहे’ हे ऐकून न थांबता, विद्यापीठाची इमारत, वर्ग, ग्रंथालय कुठे आहे, हेही एकदा पाहून यावे.

आता सर्वांत अवघड भाग. विद्यापीठ खरे असले, तरी कोर्स खरा असेलच असे नाही. हे अनेक सुशिक्षित पालकांनाही ठाऊक नसते. एक उदाहरण सांगतो. देशातील चार अभिमत विद्यापीठांनी २००१ सालानंतर पत्राने, म्हणजे दूरशिक्षणाने, इंजिनिअरिंगच्या पदव्या देणे सुरू केले. विद्यापीठे मान्यताप्राप्त होती. पण हे कोर्स चालवण्याची आवश्यक परवानगी त्यांच्याजवळ नव्हती. हजारो लोकांनी नोकरी करता करता फी भरली, पुस्तके वाचली, परीक्षा दिल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या थांबवल्या गेल्या आणि त्यांना पुन्हा एक परीक्षा देऊन त्या वाचवण्याची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. विचार करा, दहा-बारा वर्षे ज्या पदवीवर माणूस नोकरी करत होता, ती एका सकाळी कागदाचा तुकडा झाली. या लोकांनी पदवी विकत घेतली नव्हती. त्यांनी अभ्यास केला होता. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला नव्हता: या विद्यापीठाला हा कोर्स या पद्धतीने शिकवण्याची परवानगी आहे का?

आज या प्रश्नाचे उत्तर शोधणे सोपे झाले आहे. यूजीसीचा दूरशिक्षण विभाग आहे. कोणत्या विद्यापीठाला कोणत्या वर्षी कोणता कोर्स दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवण्याची परवानगी आहे, याची यादी तो विभाग जाहीर करतो. ‘कोणत्या वर्षी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण गेल्या वर्षी परवानगी होती म्हणून या वर्षीही असेल, असे धरून चालता येत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे काही विषय या पद्धतीने शिकवताच येत नाहीत. इंजिनिअरिंग, वैद्यकीय शिक्षण, दंतवैद्यक, फार्मसी, नर्सिंग, वास्तुशास्त्र, कायदा, शेती हे त्यांपैकी काही. पीएच.डी.सुद्धा ऑनलाइन करता येत नाही. त्यामुळे ‘घरबसल्या नर्सिंगची डिग्री’ किंवा ‘सहा महिन्यांत ऑनलाइन पीएच.डी.’ अशी जाहिरात दिसली, तर पुढे वाचायचीही गरज नाही. तसेच विद्यापीठाला आपला ऑनलाइन कोर्स दुसऱ्याच्या हाती सोपवून चालवता येत नाही. म्हणून गल्लीतला एजंट ‘आमच्याकडेच प्रवेश, आमच्याकडेच परीक्षा’ म्हणत असेल, तर फी त्याच्या खात्यात कधीही भरू नये.

हे सारे वाचून तुम्हांला वाटेल, की ऑनलाइन शिक्षण म्हणजेच फसवणूक. तसे मुळीच नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाने, मान्य कोर्सची, दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन दिलेली पदवी ही कॉलेजात जाऊन मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. यूजीसीने हे स्पष्ट सांगितले आहे. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. कारखान्यात काम करणारे, लग्नानंतर शिक्षण थांबलेले, खेड्यात राहणारे असे लाखो लोक त्यांच्यामुळे शिकले. हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. ते केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथे उर्दूतून शिक्षण मिळते आणि दूरशिक्षणाचीही सोय आहे. तुमच्यापैकी ज्यांना पुढेही उर्दूतूनच शिकायचे आहे, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. अर्थात प्रवेशाच्या वर्षी त्या कोर्सला परवानगी आहे ना, हे तिथेही पाहायचेच.

विद्यापीठ खरे, कोर्सही खरा, तरीही पदवी खोटी, असेही होऊ शकते. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे मानव भारती नावाचे विद्यापीठ राज्याच्या कायद्याने २००९ साली स्थापन झाले होते. २०२० साली तिथल्या खोट्या पदव्यांबद्दल गुन्हे दाखल झाले. सुमारे ३६ हजार पदव्या खोट्या असल्याचे तपासातून पुढे आले. तिथे ज्यांनी खरोखर अभ्यास केला होता, त्या मुलांचे काय झाले असेल? त्यांच्या खऱ्या पदवीकडेही लोक संशयाने पाहू लागले. खोटी पदवी घेणारा फक्त स्वतःचे नुकसान करत नाही, तो शेजारी बसलेल्याचीही पत घालवतो.

असा बाजार फक्त आपल्या देशात आहे, असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ‘ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी’ होती. तिथे हजाराहून अधिक विद्यार्थ्यांची नावे नोंदलेली होती आणि त्यांतील बहुतेक भारतीय होते. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांचा पत्ता एकच घर असा लिहिलेला होता! जानेवारी २०११ मध्ये सरकारने छापा घातला. विद्यापीठ बंद झाले आणि काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायाला पाळत ठेवणारे पट्टे बांधण्यात आले. आईवडिलांनी कर्ज काढून पाठवलेली ही मुले होती. २०१५ साली कराचीतील एका कंपनीचा प्रकार उघड झाला. ती शेकडो वेबसाइटवरून न्यारीच विद्यापीठे चालवत होती. ‘बार्कले’, ‘कोलंबियाना’ अशी त्यांची नावे. अमेरिकेतील बर्कली आणि कोलंबिया या नामांकित विद्यापीठांच्या नावांशी त्यांचा किती सारखेपणा आहे, पाहा. पुण्यातल्या टोळीनेही हीच युक्ती केली होती.

कोणी म्हणेल, “कागद मिळाला, नोकरी लागली, मग कोण बघतो?” बघतात. यासाठी लांब जाण्याची गरज नाही. आळंदी रोडवर विश्रांतवाडीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन आहे. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी तिथे पालक आणि विद्यार्थी येतात. त्यांच्या हातात प्रमाणपत्र असतेच. तरीही समिती ते पाहून थांबत नाही. वडिलांचा शाळेचा दाखला मागते, आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मागते. गरज पडली तर दक्षता पथक मूळ नोंदवही तपासते. म्हणजे हातातला कागद नव्हे, तर कागद जिथून निघाला ती जागा पाहिली जाते. मोठ्या कंपन्या आणि सरकारी कार्यालयेही पदवीच्या बाबतीत हेच करतात. ते उमेदवाराला विचारत नाहीत. थेट विद्यापीठाला किंवा मंडळाला विचारतात.

ही तपासणी लगेच होईल असे नाही. राज्यात जानेवारी २०२० मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा झाली. तिच्यातील गैरप्रकार पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेने ७,८८० उमेदवारांवर कारवाई जाहीर केली. मधल्या अडीच वर्षांत काही जण शाळेत शिकवूही लागले होते. खोटा कागद खरा म्हणून वापरणे हा गुन्हा आहे. नोकरी तर जातेच, शिवाय पोलीस चौकीची पायरी चढावी लागते. आणि तोवर पैसे घेणाऱ्या एजंटचा मोबाइल नंबर बंद झालेला असतो.

म्हणून घरात पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला, की तुम्हीही त्यात भाग घ्या. वडिलधाऱ्यांपुढे बोलायला संकोच वाटेल, पण अदबीने विचारायला हरकत नाही. “अब्बा, या विद्यापीठाचे नाव आपण यूजीसीच्या यादीत पाहू या का?” एवढे विचारले तरी पुरे. मोबाइल तुमच्या हातात असतोच. पत्ता मात्र नीट वाचा. शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल, तर ती सरकारी वेबसाइट असते. ‘डॉट एसी डॉट इन’ हा पत्ता शिक्षणसंस्थांसाठी राखलेला आहे. एजंटने पाठवलेल्या लिंकवरून कधीही जाऊ नका. नाव स्वतः टाईप करा. गुणपत्रिका आणि पदव्या आता सरकारच्या डिजिलॉकरमध्येही मिळतात. कोणी ‘जुन्या तारखेची डिग्री काढून देतो’ म्हणाला, तर तिथेच बोलणे थांबवा. मागच्या तारखेने अभ्यास करता येत नाही!

आणि कोणी आधीच फसले असेल तर? आपल्याकडे लोक लाजेने गप्प बसतात. शेजाऱ्यांना कळेल, बिरादरीत बोलतील, या भीतीने पैसे सोडून देतात. त्यामुळे तोच एजंट पुढच्या गल्लीत जातो. पैसे दिल्याची पावती, बँकेची नोंद, मोबाइलवरचे संदेश, जाहिरातीचा फोटो हे सारे जपून ठेवावे. ते प्रमाणपत्र कुठेही वापरू नये. वापरले नाही, तोवर आपण फसवले गेलेलो असतो, वापरले की आपणही गुन्ह्यात सामील होतो. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर १९३० या नंबरवर लगेच फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

शब्दार्थ
मान्यता – मंजुरी
अधिकार – हक्क, इख्तियार
बनावट – नकली, जाली
पडताळणी – खरे-खोटे तपासणे, तस्दीक
कडी – साखळीतील एक दुवा
टोळी – गिरोह
वर्दळ – येजा, गर्दी
पत – विश्वास, साख
दक्षता पथक – चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांचा गट
पोच – तक्रार किंवा अर्ज मिळाल्याची लेखी खूण

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) यूजीसीचा कायदा कोणत्या साली झाला?
(आ) शाळा सुटलेल्या विद्यार्थ्याला दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी कोणता फॉर्म भरावा लागतो?
(इ) मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ कोठे आहे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘नोंदणी’ आणि ‘मान्यता’ यांतील फरक दुकानाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) २०१७ सालच्या निकालाने ज्यांच्या पदव्या गेल्या, त्यांचे काय चुकले होते? तुमच्या मते त्यात त्यांचा दोष किती?

प्र. ३. सनद, अर्ज, दुकान, नक्कल, शिक्का हे शब्द मराठीत व उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या भागात दिसलेली शिक्षणाची एक जाहिरात वहीत उतरवून घ्या. मोबाइल नंबर लिहू नका. तिच्यात कोणती माहिती दिलेली नाही, यावर वर्गात चर्चा करा.